ट्रॅकच्या आधी काठ शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात चाळीसेक जणांचा धावण्याचा गट आहे. वॉर्डाच्या निधीतून तिथल्या बागेत जॉगिंग ट्रॅक व्हायचं घाटतंय. नगरसेवकांनी गटाला सांगितलंय, "तुम्हाला काय हवं ते लिहून द्या." तर काय लिहून द्यावं, आणि मुळात शहर धावायला चांगलं करायचं म्हणजे नेमकं करायचं तरी काय, असं गटाने पत्रातून विचारलंय.

आधी एक कबुली देते. बागेतला तसला ट्रॅक मी स्वतः केलेला आहे. रस्त्यांच्या आराखड्यांच्या कामात मी तेव्हा नवीन होते आणि धावतही नव्हते. बाग चौकोनी होती, म्हणून कुंपणाला धरून चौकोनी ट्रॅक काढला. २६० मीटरची फेरी, लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक, कडेला बसायला बाक. नारळ फुटला, फोटो निघाले. महिन्याभराने सकाळी मुद्दाम बघायला गेले, तर धावणारी माणसं बाहेर डांबरी रस्त्यावर आणि ट्रॅकवर तिघं-तिघं शेजारी चालत गप्पा मारणारे आजोबा. एका धावणाऱ्याला थांबवून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, पाच किलोमीटरला १९ फेऱ्या. फेरीला चार काटकोन. ७६ वेळा वळू का? आणि बाग सहाला उघडते, मी सव्वापाचला निघतो."

त्या एका उत्तरात सगळं आलं होतं. मला ते पटायला अजून दोन वर्षं लागली. मी स्वतः धावायला लागले तेव्हा कुठे पटलं.

चालणाऱ्याला जागा लागते, धावणाऱ्याला लांबी लागते. तासाला दहा किलोमीटरच्या संथ वेगानेसुद्धा अर्ध्या तासात पाच किलोमीटर होतात. म्हणजे जाऊन-येऊन धावायचं तर सलग अडीच किलोमीटरची वाट हवी, जिच्यात थांबावं लागत नाही, खाली उतरावं लागत नाही, गाडीशी नजरानजर करावी लागत नाही. अशी वाट शहरात बांधून मिळणं अवघड आहे. ती बहुतेक वेळा तुकड्या-तुकड्यांनी आधीच असते. कुठे तोडली गेली आहे तेवढं शोधायचं आणि ते सांधायचं. तुमच्या निधीचं काम खरं तिथे आहे.

मुंबईचा मरीन ड्राइव्ह घ्या. साधारण साडेतीन किलोमीटरची वाट, आणि तिथे पहाटे चार वाजल्यापासून माणसं धावतात. समुद्राचा वारा, क्वीन्स नेकलेस हे सगळं खरं, पण धावायला ती जागा चांगली आहे याचं कारण फार रुक्ष आहे. समुद्रातून कुठली गल्ली येऊन मिळत नाही. एका बाजूला पाणी असल्यामुळे त्या अख्ख्या पट्ट्यात फूटपाथला छेदणारी गल्ली नाही, सोसायटीचं गेट नाही, दुकानाचा उतार नाही. टोकियोत सम्राटाच्या राजवाड्याभोवती असाच प्रकार आहे. खंदकाच्या काठाने जवळपास पाच किलोमीटरची फेरी पडते आणि तीत एकही सिग्नल आडवा येत नाही. ऑफिस सुटलं की शेकडो माणसं तिथे धावतात, सगळी घड्याळाच्या उलट्या दिशेने. ती शिस्त कुणी डांबरात कोरलेली नाही, वहिवाटीने पडली आहे. आजूबाजूला पैसे देऊन बॅग ठेवायची आणि नंतर अंघोळ करायची सोय करणारी दुकानं उभी राहिली. राजवाड्याचा खंदक धावण्यासाठी खणला नव्हता, मरीन ड्राइव्हही नाही. दोन्हीकडे काठ होता, एवढंच.

म्हणून कुठल्याही गावाचा नकाशा समोर आला की मी आधी काठ शोधते. नदीचा, तळ्याचा, कालव्याचा, रेल्वेच्या रुळांचा, कॉलेजच्या किंवा लष्कराच्या लांबलचक भिंतीचा, टेकडीच्या पायथ्याचा. कोल्हापूरकर रंकाळ्याला जातात, ठाणेकर तलावपाळीला, नागपूरकर अंबाझरीला, त्यामागे हेच आहे. लोकांनी काठ शोधलेले असतात, आराखड्यात ते उशिरा येतात.

पुण्यात असे काठ भरपूर आहेत आणि जवळजवळ प्रत्येक तुटलेला आहे. मुठा उजवा कालवाच बघा. खडकवासल्याहून निघतो, सिंहगड रस्त्याच्या बाजूने पर्वतीच्या पायथ्याशी येतो, स्वारगेटवरून हडपसरकडे जातो. शहराच्या आरपार जाणारी, जवळपास सपाट अशी दुसरी रेषा पुण्यात क्वचितच सापडेल. सपाट असणं भागच आहे, पाणी नुसत्या हलक्या उताराने वाहतं ना. काही ठिकाणी काठावर चालायची वाट आहे, लोक ती वापरतात. मग एक पूल येतो आणि वाट भिंतीला जाऊन थांबते. पुढे कचरा, पुढे अतिक्रमण, पुढे पुन्हा दोनशे मीटर छान वाट. पाणी खडकवासल्याहून फुरसुंगीपर्यंत सुमारे २८ किलोमीटरच्या बोगद्यातून न्यायची योजना आहे. ती झाली की कालव्याची जमीन मोकळी होईल, आणि त्या दिवशी "इथे रस्ता काढा" म्हणणारे रांगेत पहिले असतील. पुणेकर धावणाऱ्यांना शहरासाठी एकच गोष्ट मागायची असेल, तर ती जमीन पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी राखा, हे आजपासून मागायला हवं. टेंडर निघाल्यावर मागून काही होत नाही.

आणि काठ वापरात असला की त्याच्यावर लक्ष राहतं. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीत पाणी शिरलं. रोज दोनशे माणसं जिथून जातात तिथला ओलावा कुणाच्या तरी डोळ्यांना आधी दिसतो. भिंत वाचलीच असती असा माझा दावा नाही. पण इंजिनिअरच्या वर्षातून दोन फेऱ्या आणि धावणाऱ्यांच्या तीनशे, हा फरक मोठा आहे.

नदीकाठाचं म्हणाल तर एकच सूत्र लक्षात ठेवा. पूल आला की वाट वर रस्त्यावर चढता कामा नये, पुलाखालून जायला हवी. नदीकाठच्या कुठल्याही प्रकल्पाचं चित्र दाखवलं की बाक, कारंजी, झाडं बघू नका. पुलाच्या जागेचा छेद, म्हणजे उभ्या कापाचं चित्र, मागा. वाट पुलाखालून जाते का, पुरात ती बुडली तर पाणी ओसरल्यावर गाळ कोण काढणार, हे दोन प्रश्न विचारले की बैठकीत एकदम शांतता होते.

तुमच्या उपनगरात नदी नाही, कालवा नाही, असं तुम्ही म्हणाल. मग उरतो फूटपाथ. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे ते हेच.

आपला फूटपाथ धावायला का चालत नाही? अरुंद असतो, टपऱ्या असतात, महावितरणचा डीपी, म्हणजे विजेची पेटी, मध्येच असतो, हे सगळं खरं. पण रुंद आणि मोकळ्या फूटपाथवरूनही माणसं खाली उतरून रस्त्याने धावतात. कारण फूटपाथ हा रस्ता नसून पायऱ्यांची मालिका झालेला असतो. प्रत्येक गेटसमोर तो खाली उतरतो, गेट संपलं की पुन्हा चढतो. एका ठिकाणी सव्वा किलोमीटरमध्ये मी स्वतः मोजले, ३१ उतार-चढ निघाले. धावताना दर चाळीस मीटरला एक. चालताना ते जाणवत नाहीत. धावताना पोटरीला आणि घोट्याला प्रत्येक कळतो, आणि साठीच्या बाईला तर तो फूटपाथ बंदच आहे म्हणा ना.

वास्तविक हे उलटं असायला हवं. फूटपाथची पातळी सलग राहावी आणि गाडीने चढून यावं. कर्बच्या, म्हणजे फूटपाथच्या रस्त्याकडच्या काठाच्या, लगतचा अर्धा-पाऊण मीटर पट्टा गाडीच्या उतारासाठी द्यायचा, त्यामागे फूटपाथ सपाट जाऊ द्यायचा. यासाठी कर्ब बुटका हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक संहितेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, कर्बची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळं. प्रत्यक्षात आपल्याकडे २५०-३०० मिलिमीटरचे कर्ब सर्रास दिसतात, गाड्या वर चढू नयेत म्हणून. मग गेटला उतार द्यायचा तर तो इतका लांब होतो की अख्खा फूटपाथ खाली न्यावाच लागतो. एक चूक दुसरीला जन्म देते ती अशी.

याला सोसायट्या विरोध करतात आणि त्यांचं कारण खोटं नसतं. "पाणी आत येईल," म्हणतात. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, जुना खरवडून काढलेला नसतो, आणि पंधरा वर्षांत रस्ता इमारतीच्या जोत्याशी स्पर्धा करायला लागतो. तेव्हा फूटपाथची मागणी करताना सोबत "नवा थर टाकण्याआधी जुना खरवडा" हेही लिहा. पाण्याचा प्रश्न सुटल्याशिवाय फूटपाथचा सुटत नाही. मी तीन वेळा तसा सोडवायला गेले आणि तिन्ही वेळा जूनमध्ये शिव्या खाल्ल्या.

गल्ल्या जिथे मिळतात तिथेही हेच तत्त्व. तिथे रस्ताच फूटपाथच्या पातळीला उचलायचा, सपाट गादीसारखा, तीन-चार मीटर रुंद. याला आमच्याकडे टेबलटॉप क्रॉसिंग म्हणतात. गाडीला तो स्पीडब्रेकर, माणसाला तो सलग फूटपाथ. खालून पावसाळी पाण्याचा पाइप न्यायला विसरायचं नाही, नाहीतर वरच्या बाजूला तळं साठतं आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तो फोडून टाकतं. कोपऱ्याची गोलाईही लहान ठेवायची. मोठ्या गोलाईवर गाडी वेग न कमी करता वळते.

धावणाऱ्यासाठी एक खास गोष्ट आहे, जी पादचाऱ्यांच्या नियमांत फारशी येत नाही. चालणारा सेकंदाला सव्वा मीटर जातो, धावणारा पावणेतीन. गेटमधून बाहेर येणारा चालक एकदा डावीकडे बघतो, एकदा उजवीकडे, आणि गाडीचं नाक बाहेर काढतो. तेवढ्या अडीच-तीन सेकंदांत धावणारा आठ मीटर पुढे आलेला असतो. चालकाने बघितलं तेव्हा तो भिंतीआड होता. म्हणून गेटच्या दोन्ही बाजूंची शेवटची दोन मीटर भिंत कमरेएवढी करून वर जाळी लावायची. याला महापालिका लागत नाही, निधी लागत नाही. तुमच्या चाळीस जणांच्या सोसायट्यांनी आपापल्या सर्वसाधारण सभेत ठराव केला तरी गटाचा निम्मा धोका कमी होईल.

पुण्यात हे कुठेच झालं नाही असंही नाही. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं आणली, आणि त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याचं आणि औंधच्या डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्याचं काम झालं. जे.एम. रोडच्या फूटपाथवर संध्याकाळी धावणं शक्य नाही, इतकी माणसं असतात. ती तक्रार मी आनंदाने ऐकते. पहाटे साडेपाचला मात्र जाऊन बघा.

आता पहाटेचंच. लोकांना वाटतं पहाटे रस्ता मोकळा, म्हणून सुरक्षित. माझ्या अनुभवात उलटं आहे. सकाळी नऊला कोंडीत गाड्या पंधराच्या वेगाने रांगत असतात, पाचला त्याच रस्त्यावर साठ-सत्तरने जातात. सिग्नल पिवळ्या ब्लिंकरवर असतात. चालक रात्रभराचा जागा असतो. वेग ३० वरून ५० वर गेला की गाडीची ऊर्जा पावणेतीन पटीहून जास्त होते, ती अंगावर येते. आणि रस्ता रुंद असेल तर पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. साडेतीन मीटरची लेन हायवेला ठीक, गावात तीन मीटर पुरते. लेन अर्धा-अर्धा मीटर कमी केल्या की दोन्ही बाजूंना फूटपाथ मिळतो आणि पहाटेचा वेगही उतरतो. धावणाऱ्यांनी "रस्ता रुंद करा" या मागणीवर कधीही सही करू नये. तोवर, फूटपाथ नसेल तिथे उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं धावा. हे अजूनही अर्ध्या लोकांना माहीत नसतं.

दिव्यांचं असं आहे की खांब नऊ मीटर उंच, झाडाची फांदी सहा मीटरवर, त्यामुळे उजेड पडतो झाडाच्या डोक्यावर आणि फूटपाथवर काळोख. झाड कापायला सांगू नका. त्याच खांबाला फांदीखाली, चार-पाच मीटरवर, फूटपाथकडे तोंड करून दुसरा छोटा दिवा लावता येतो. आणि वेळ तपासा. पुण्यात जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सातच्या पुढे. वर्षभर एकाच वेळी दिवे मालवणारा टायमर असेल तर थंडीत, म्हणजे नेमका धावणाऱ्यांच्या हंगामात, तासभर अंधार. याला एक अर्ज पुरतो. मी केलाय, तिसऱ्या अर्जाला काम झालं.

इथे मला माझ्याच मुद्द्याला छेद द्यावा लागतो. वर मी काठांची एवढी स्तुती केली. पण लांब भिंतीचा काठ म्हणजे दोन किलोमीटर कुणाची खिडकी नाही, दार नाही, दुकान नाही. पहाटे एकटी बाई तिथे धावत नाही, मीसुद्धा नाही. आमच्या गटातल्या बायकांनी न ठरवता निवडलेला मार्ग एकदा नकाशावर काढला. तो पुरुषांच्या मार्गापेक्षा जास्त वेडावाकडा होता आणि जिथे जिथे वाकत होता तिथे दूध उतरवण्याची जागा, पेपरची थप्पी वाटणारी मुलं, साडेपाचला उघडणारं अमृततुल्य किंवा पोह्याची गाडी होती. "फूटपाथ मोकळे करा" अशी मागणी करताना ती गाडी उठवायला लावाल, तर ती वाट बायकांना बंद होईल. गाडी फूटपाथच्या कडेला, झाडांच्या रांगेत बसवता येते. माणूस हटवायची गरज नसते, जागा आखायची असते. आणि स्वच्छतागृह. सार्वजनिक स्वच्छतागृह बायकांसाठी पाच वाजता उघडं असणं हा धावण्याच्या सोयींमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. पुरुष बैठकीत तो मुद्दा शेवटी घेतात. तुम्ही पहिला घ्या.

कुत्र्यांबद्दल प्रत्येक जण विचारतो. माझ्याकडे जादू नाही. एवढंच सांगते की कुत्री जिथे उघडा कचरा तिथे असतात. कचऱ्याची ती जागा हलवली की टोळी हलते. खाऊ घालणाऱ्यांशी भांडण्यापेक्षा, घालायची जागा धावण्याच्या वाटेपासून आत कुठे असावी ते त्यांच्याशी बसून ठरवा.

पृष्ठभागाचं मी पटकन उरकते. पेव्हर ब्लॉक नको. केबलसाठी खणतात, परत बसवतात, एखादा दीड सेंटीमीटर वर राहतो. चालताना पायाचा अंगठा जमिनीपासून जेमतेम तेवढाच वर असतो, म्हणून माणूस सपाट दिसणाऱ्या जागी अडखळतो. साधं डांबर सगळ्यात बरं. काँक्रीट कडक असतं, पण सपाट काँक्रीट उंचसखल पेव्हरपेक्षा केव्हाही चांगलं. रबरी सिंथेटिकचा मोह टाळा. खालचा थर उत्तम नसेल तर दोन पावसाळ्यांत फुगे येतात. आणि दाबलेला मुरूम, निचरा नीट असेल तर, पायाला सगळ्यात गोड. पण त्याला दर पावसाळ्यानंतर रोलर आणि पाणी मारणारा माणूस लागतो. तो माणूस बजेटमध्ये नसेल तर मुरूम मागू नका.

हवेबद्दल दोन वाक्यं. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड राहते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो, धूर खालीच कोंडतो. म्हणजे आपण ज्या वेळेला "शुद्ध हवा" म्हणतो ती हिवाळ्यात बऱ्याचदा दिवसातली वाईट वेळ असते. विश्रांतीत माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, धावताना पन्नास-साठ. मोठ्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेलं तरी बराच फरक पडतो, म्हणून मार्ग हमरस्त्याला लागून न आखता मागच्या गल्ल्यांतून आखा. सकाळी शेकोट्या आणि कचरा कुठे जळतो ते टिपून ठेवा.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नव्हती. धावणारे म्हणजे घड्याळात किलोमीटर मोजणारे आपणच, असं आपण धरून चालतो. तुमच्या उपनगराच्या कडेला, रिंगरोडच्या बाजूने, पहाटे साडेचारला चपलेत किंवा फाटक्या बुटांत धावणारी पोरं-पोरी असतील. पोलीस भरतीची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि त्यात मिळणाऱ्या गुणांवर नोकरी. अख्ख्या महाराष्ट्रात गावोगावच्या हमरस्त्यांवर हीच मुलं धावतात, कारण अंतर मोजलेली दुसरी जागा नसते. दगडाला चुना लावून मैलाच्या दगडापासून मोजतात. आपल्याला धावणं हा छंद आहे, त्यांना तो अभ्यास आहे.

त्यांना अडीच किलोमीटरचा काठ नको, मोजलेली २०० किंवा ४०० मीटरची गोल फेरी हवी. तर बागेतल्या ट्रॅकचा निधी खरोखर परत जाणार नसेल, तर तो तिथून उचला आणि जवळच्या महापालिका शाळेच्या मैदानावर टाका. मुरमाची फेरी, रुंद वळणं, दर १०० मीटरला खूण, एक दिवा, एक नळ, आणि सकाळी साडेचार ते सात मैदानाचं गेट उघडं ठेवायचा लेखी करार. शाळा सातनंतर आपली वापरते. यातला सगळ्यात अवघड भाग मुरूम नाही, किल्ली आहे. किल्ली कुणाकडे, काही मोडलं तर जबाबदार कोण, हे लिहून घेतलं नाही तर मुख्याध्यापक बिचारे कुलूप उघडणार नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही.

टेकड्यांबद्दल माझं मत जुन्या पुणेकरांसारखंच आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण, हे पुण्याचं भाग्य. मुंबईकर मित्र येतात तेव्हा मी मुद्दाम त्यांना चतुःशृंगीच्या बाजूने वर नेते आणि दमवते. तिथे धावण्यासाठी काहीही करू नये. फरशी नको, दिवे नको, व्ह्यू पॉइंट नको. समाविष्ट गावांतल्या ९७८ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यान म्हणून आरक्षित आहेत, त्या तशाच राहू द्याव्यात. काम करायचं ते खाली. घरापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंतचा अर्धा-एक किलोमीटर माणसं गाडीने जातात, कारण तेवढा फूटपाथ नाही. मग पायथ्याला पार्किंग हवं होतं. मग पार्किंगसाठी टेकडी थोडी खरवडतात. तो एक किलोमीटर सलग करा.

आणि काहीही न बांधता मिळणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. बोगोटामध्ये १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली फेरी आधी काही तास, मग आणखी काही तास, असं करत करत २०१८ च्या जूनमध्ये गाड्यांना कायमची बंद झाली. मुंबईत २०२२ च्या मार्चमध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसारखे काही रस्ते लोकांना मोकळे केले, त्याला लागले फक्त बॅरिकेड. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचारी दिनासाठी बंद होतोच. तुमच्या उपनगरातला एक दीड-दोन किलोमीटरचा डीपी रस्ता रविवारी साडेपाच ते आठ बंद करा, असं वाहतूक शाखेला लिहून द्या. रिक्षा आणि रुग्णवाहिकेची वाट कुठून, पार्क केलेल्या गाड्यांचं काय, दोन टोकांना उभं कोण राहणार, हे तुम्हीच आधी लिहिलेलं असलं तर परवानगीची शक्यता बरीच वाढते. पहिल्या रविवारी फक्त धावणारे बोलावू नका. सायकल शिकणारी पोरं, व्हीलचेअर, स्केटिंगवाले, सगळे. धावणाऱ्यांचा रस्ता म्हणून मागितला तर चौथ्या आठवड्याला दुकानदार विरोधात जातील. पोरांचा रस्ता म्हटलं की त्यांचीच पोरं तिथे असतात.

तर नगरसेवकांना द्यायच्या कागदावर मी तुमच्या जागी काय लिहीन? आधी मोजणी. गटातल्या चार जणांनी एका रविवारी तुमचा नेहमीचा पाच किलोमीटरचा मार्ग चालायचा. जिथे जिथे फूटपाथवरून खाली उतरावं लागलं तिथे खडूने फुली, फोनवर फोटो, कारण एका शब्दात: गेट, डीपी, टपरी, चेंबर, झाड, गाडी, राडारोडा. घरी येऊन बेरीज करायची. मला खात्री आहे की बरीचशी कारणं दोन-तीनच निघतील, आणि त्यांतली बरीच अर्ध्या लाखाच्या आतली असतील: तुटलेलं झाकण, मध्येच आलेला खांब, पडून राहिलेला राडारोडा. त्यानंतर त्या फुल्या बघून सलग अडीच किलोमीटर मोकळा करायला सगळ्यात कमी दुरुस्त्या लागतील तो पट्टा निवडायचा. आणि मागणी तेवढ्याच पट्ट्याची करायची. "वॉर्डातले सगळे फूटपाथ" अशी मागणी फाइलमध्येच झोपते.

निधी अडला तर दुसरं दार आहे. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. ५ लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. फॉर्म साधारण पावसाळा संपता संपता निघतो. त्यात "जॉगिंग ट्रॅक" असं लिहू नका. "अमुक चौक ते तमुक चौक, डावा फूटपाथ, सहा गेटसमोर सलग पातळी, एक टेबलटॉप" असं लिहा, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरला एस्टिमेट करता येईल. त्याच्याशी ओळख काढा. नगरसेवक बदलतात, तो वॉर्डात बरीच वर्षं असतो. आमच्याकडचा एक जण आता आमच्यासोबत मंगळवारी धावतो, आणि त्यानंतर आमच्या बाजूची चेंबरची झाकणं एकदम रस्त्याच्या पातळीला यायला लागली.

मोजणीला जाल तेव्हा खडू पिवळा न्या. पांढरा पार्किंगच्या पट्ट्यांत मिसळतो, मग संध्याकाळी फुल्या सापडत नाहीत. आणि पावसाळ्यात एकदा, पाऊस पडून गेल्यावर तासाभराने, तोच मार्ग पुन्हा चालून या. पाणी कुठे साठतं ते कोरड्या दिवशी कुणालाच दिसत नाही, मलाही नाही.